आधी पाण्याचं टाईमटेबल, मग सुट्टीचं

पत्र:
ताई, नमस्कार. आम्ही नाशिकचे. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, पुढच्या वर्षी सत्तर पूर्ण होतील. टीव्हीवर त्यांनी ओकावांगो नदी बघितली आणि तेव्हापासून एकच, "समुद्राला न मिळणारी नदी मला डोळ्यांनी बघायचीय." आई सदुसष्टची, गुडघे दुखतात, होडीची भीती आहे, पूर्ण शाकाहारी. शिवाय मी, नवरा आणि अकरा वर्षांचा मुलगा. ट्रॅव्हल एजंटने नऊ दिवसांचा प्लॅन दिलाय, त्यात केप टाऊन, क्रूगर, व्हिक्टोरिया फॉल्स, चोबे आणि शेवटी ओकावांगो एक रात्र. दिवाळीत जावं की मेमध्ये? प्लॅन बरोबर आहे का? आणि आईला न्यावं की नाही? ती म्हणते मी होडीत बसणार नाही, मग मी तिथे येऊन करू काय?
स., नाशिक

उत्तर:

अगं स., तुझं पत्र वाचून पहिलं काय वाटलं सांगू, बाबांना आधी माझा नमस्कार सांग. मोठ्या सहलीला निघणारी बहुतेक माणसं "सिंह दिसेल का, बिबट्या दिसेल का" इथून सुरुवात करतात आणि तुझे बाबा नदीपासून सुरुवात करतायत, आणि ओकावांगोच्या बाबतीत तीच सुरुवात बरोबर आहे कारण तिथे प्राणी पाण्याच्या मागे असतात आणि पाणी दर वर्षी आपल्या वेळेवर येतं, आपल्या सुट्टीच्या वेळेवर नाही. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा सगळं उलटं केलं होतं, आधी सुट्टी ठरवली मग जागा, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला भर उन्हात उतरलेलं पाणी आणि तापलेली वाळू बघून आले. सिंह दिसले, हत्ती दिसले, पण ज्या पाण्यासाठी गेले होते ते नव्हतं. म्हणून तुला सगळं सविस्तर सांगते.

तर एजंटचा तो प्लॅन बाजूला ठेव. नऊ दिवसांत पाच ठिकाणं म्हणजे त्यातले निम्मे दिवस एअरपोर्टवर, आणि ज्याच्यासाठी बाबा निघालेत त्या ओकावांगोला एक रात्र! एका रात्रीत काय होतं, दुपारी छोट्या विमानाने उतरायचं, चहा प्यायचा, संध्याकाळची एक फेरी, सकाळची एक फेरी आणि परत विमान. केप टाऊन सुंदर आहे, पण ओकावांगो ज्या देशात पसरते त्या बोत्सवानापासून ते खूप लांब आणि त्याची मजा पूर्ण वेगळी, ते वेगळ्या ट्रिपला ठेव. क्रूगरही सोड, तिथे बघायचं ते सगळं चोबे (उत्तर बोत्सवानातलं नदीकाठचं नॅशनल पार्क) आणि ओकावांगोत आहेच (गेंडा सोडून, गेंड्याची आशा डेल्टात, म्हणजे ओकावांगो जिथे फाटे फुटून पसरते तिथे, धरू नकोस, शिकाऱ्यांनी फार नुकसान केलंय). उरले व्हिक्टोरिया फॉल्स, चोबे, ओकावांगो. ही तिन्ही एका रांगेत येतात आणि बाबांना पाण्याची तीन रूपं दाखवतात. एवढंच कर.

आता पाण्याचं टाईमटेबल. हे बाबांना वाचून दाखव, त्यांना आवडेल. ही नदी उगम पावते अंगोलाच्या डोंगराळ भागात, तिथे कुबांगो आणि कुइटो अशा दोन मोठ्या नद्या आहेत, त्या एकत्र येऊन नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडतात आणि मोहेम्बो इथे बोत्सवानात शिरतात. अंगोलात पाऊस पडतो साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण जमिनीला उतार इतका कमी, डेल्टाच्या जवळपास अडीचशे किलोमीटरच्या पसाऱ्यात साठेक मीटरचा, की ते पाणी अक्षरशः रांगत येतं. पॅनहँडल म्हणतात त्या वरच्या दांड्यासारख्या भागात मार्च-एप्रिलला पूर, मधल्या डेल्टात मे-जूनला, आणि माऊन गावापाशी पाणी पोचतं तेव्हा जून-जुलै उजाडलेला असतो. म्हणजे गंमत बघ, बोत्सवानात तेव्हा पावसाचा थेंब नसतो, आजूबाजूचं कलाहारी वाळवंट कोरडं ठणठणीत, आणि नेमका तेव्हाच डेल्टा भरतो. बिनपावसाचा पूर. म्हणून तर लांबलांबून जनावरं तिथे गोळा होतात.

बाबांच्या भाषेत सांगायचं तर वर्षाला साधारण ११ अब्ज घनमीटर पाणी डेल्टात येतं, म्हणजे पावणेचारशे टीएमसीच्या वर, म्हणजे जवळपास पावणेचार जायकवाडी! (नाशिककरांना जायकवाडीचं माप लगेच कळतं, मुद्दाम दिलं.) आणि त्यातलं बहुतेक सगळं पाणी ऊन आणि झाडं पिऊन टाकतात, काही वाळूत मुरतं, शेवटी माऊनजवळ थामालाकाने नावाच्या नदीतून अगदी थोडंसं पुढे जातं. ते तिथे का अडतं, तर जमिनीखाली भेगा आहेत, पूर्व आफ्रिकेच्या त्या प्रसिद्ध खचदरीचंच टोक समजतात ते, त्या भेगांनी नदीचा रस्ता बांधासारखा आडवा कापलाय. समुद्राला का मिळत नाही या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना माऊनच्या पुलावर उभं राहून मिळेल. आणि अजून एक, अंगोला, नामिबिया आणि बोत्सवाना या तीन देशांनी १९९४ मध्ये या नदीसाठी एकत्र आयोग बनवलाय, ओकाकॉम म्हणतात त्याला. पाणीवाटपाच्या मीटिंगा ज्यांनी आयुष्यभर बघितल्या त्यांना तर हा विषय गाईडशी दोन तास बोलायला पुरेल.

म्हणून दिवाळी नको. ऑक्टोबरमध्ये तिथे पारा चाळिशीला जातो, आई-बाबांना तो उन्हाळा झेपणार नाही, आणि नोव्हेंबरला पाऊस सुरू व्हायला लागतो, डेल्टातलं पाणीही ओसरलेलं असतं. चोबेला ऑक्टोबरात हत्ती प्रचंड असतात हे खरं, एजंट तेच सांगेल, पण तुमचा मुद्दा हत्तींची संख्या हा नाही. तुझ्या मुलाची शाळा जूनच्या मध्याला उघडत असेल, तर मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला आठवडा हा काळ पकड. मधला डेल्टा भरत आलेला, हवा कोरडी, आकाश निळंशार, डास कमी झालेले, गवत वाळायला लागलेलं म्हणून जनावरं दिसतात, आणि बऱ्याच कॅम्पचे सगळ्यात महाग दर जुलैपासून लागतात त्यामुळे थोडे पैसेही वाचतात. थंडी मात्र असते. हसू नकोस, आफ्रिका म्हणजे गरम असं डोक्यात घेऊन गेलेली माणसं पहाटे उघड्या जीपमध्ये कुडकुडताना मी बघितली आहेत. दुपारी पंचवीस-सव्वीस आणि पहाटे सात-आठ डिग्री, त्यात गाडीचा वारा. आईला स्वेटर, वर जाड जॅकेट, कानटोपी, हातमोजे, आणि पायात मोजे घालूनच गाडीत बसव. कॅम्पवाले ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देतात बऱ्याच ठिकाणी, पण कानटोपी आपली आपणच न्यायची.

रस्ता असा ठेव. मुंबईहून दुबईमार्गे जोहान्सबर्ग, तिथून व्हिक्टोरिया फॉल्स (झिम्बाब्वेच्या बाजूचं गाव, नाव तेच). दोन रात्री. मेअखेरीला धबधबा भरून वाहतो, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंद आणि शंभर मीटरच्या वर खोल, तुषार इतके उडतात की काही ठिकाणी समोरचं दिसत नाही आणि माणूस चिंब होतो. तिथले लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या म्हणतात, गरजणारा धूर. रेनकोट घे, आईला ओल्या फरशीवर सांभाळ. तिथून गाडीने कासाने, अंतर साधारण ८० किलोमीटर, बॉर्डरवर थोडा वेळ जातो. कासानेला तीन रात्री, म्हणजे चोबे. तिथून छोट्या विमानाने डेल्टात, तीन रात्री, शक्य असेल तर चार. मग माऊनला एक रात्र आणि माऊनहून जोहान्सबर्ग, दुबई, मुंबई. प्रवास धरून बारा-तेरा दिवस होतात. दिवस कमी मिळत असतील तर चोबेची एक रात्र कमी कर आणि फॉल्सची एक, डेल्टाच्या तीन रात्रींना हात लावू नकोस.

दुबईमार्गे का सांगते ते नीट वाच, कारण हे कोणी सांगत नाही. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं. पण इथिओपिया आणि केनिया हे यलो फीव्हरच्या यादीतले देश, त्यांच्यामधून गेलं की बोत्सवाना लसीचं सर्टिफिकेट मागू शकतं आणि परत येताना आपल्याकडेही त्यावरून अडवू शकतात, क्वारंटाईनपर्यंत प्रकरण जातं. लस घ्यावी तर साठीच्या पुढच्या लोकांना त्या लसीचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो, डॉक्टर विचार करूनच देतात. तुझे आई-बाबा दोघंही त्या वयातले. मग ज्या रस्त्याने लसीची गरजच पडत नाही तो रस्ता घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी. तरीही त्या मार्गाने जायचं ठरलंच तर आधी डॉक्टर, मग तिकीट, आणि लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच, कारण ते पिवळं पुस्तक तिथेच मिळतं.

आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर घे. माझ्या दुसऱ्या ट्रिपला एका बुकिंगवाल्याने जोहान्सबर्गपर्यंतचं एक आणि पुढचं वेगळं अशी दोन तिकिटं काढून दिली, स्वस्त पडतात म्हणून. बॅगा जोहान्सबर्गला बाहेर येणार होत्या आणि त्या घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा, जो माझ्याकडे नव्हता. तीन तास काउंटरवर विनवण्या केल्या, शेवटी एका भल्या बाईने बॅगा आतल्या आत पुढे टाकून दिल्या म्हणून विमान मिळालं. तो जिवाला घोर तुला नको, बरोबर दोन ज्येष्ठ माणसं आहेत. तिकीट एक, बॅग थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत टॅग केलेली, आणि जोहान्सबर्गला रात्र काढायची वेळ येत असेल तर सरळ तिथला व्हिसा काढून घ्यायचा. झिम्बाब्वे आणि बोत्सवानाचे व्हिसा त्यांच्या सरकारी वेबसाईटवर बघून आधी करून ठेव, नियम बदलत असतात म्हणून एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. पासपोर्टला सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत हवी, कोरी पानं हवीत. मुलाचा जन्मदाखला, आई-वडील दोघांची नावं असलेला, इंग्रजीतला, त्याची साक्षांकित प्रत हँडबॅगेत ठेव. अठराच्या आतल्या मुलांसाठी बोत्सवाना हा कागद मागतं आणि नसेल तर विमानात चढतानाच अडवतात.

मुलाच्या वयाचं अजून एक. डेल्टातले काही कॅम्प सहा वर्षांखालची मुलं घेत नाहीत आणि बरेच बारा वर्षांखालची घेत नाहीत, घेतली तरी मोकोरोत (काठीने ढकलायच्या अरुंद होडीत) किंवा पायी फिरायला नेत नाहीत. तो अकराचा आहे. त्यामुळे बुकिंगच्या आधी कॅम्पला ईमेलवर लिहून विचार, "अकरा वर्षांच्या मुलाला मोकोरो आणि चालण्याची परवानगी आहे का", आणि उत्तर लिहूनच घे. फॅमिली टेंट असलेले कॅम्प असतात, त्यांचा मुलांच्या बाबतीत हात थोडा सैल असतो.

आता कॅम्प कुठला. डेल्टाचा मोठा भाग मोरेमी अभयारण्यात येतो. याची गोष्ट मला फार आवडते, १९६३ मध्ये तिथल्या बाटावाना लोकांनी स्वतः आपली जमीन राखून ठेवली, त्यांच्या दिवंगत राजा मोरेमी तिसरे यांच्या पत्नीच्या पुढाकाराने, देश तेव्हा स्वतंत्रसुद्धा झाला नव्हता. पुढे २०१४ मध्ये ओकावांगो डेल्टा युनेस्कोच्या वारसा यादीत गेला, त्या यादीतला हजारावा. मोरेमी आणि चोबेत गाडीने ठरलेला रस्ता सोडायचा नाही आणि अंधार पडला की बाहेर. पण आजूबाजूला खाजगी आणि गावांच्या ताब्यातली कन्सेशन्स, म्हणजे सफारीसाठी भाडेपट्ट्याने दिलेली जंगलं आहेत, तिथे रात्रीची सफारी चालते, पायी फिरता येतं. ताडोबात कोअर-बफर असतं ना, तसं काहीसं. मोरेमीच्या उत्तर गेटाला लागून ख्वाई आहे, गावकऱ्यांच्या ट्रस्टचं क्षेत्र, एका बाजूला नदी, मोठी झाडं, आणि दर बाकीच्यांपेक्षा आवाक्यातले. मी असते तर तुमच्यासाठी ख्वाई निवडलं असतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. बोत्सवानाचं धोरणच असं की माणसं कमी, पैसा जास्त. डेल्टातल्या आलिशान लॉजचं माणशी एका रात्रीचं भाडं हजार-दीड हजार डॉलर सहज होतं आणि भर सीझनला त्याच्या कितीतरी वर जातं. पाच माणसांचा हिशोब केलास तर छातीत धडकी भरेल. पण तोच एक मार्ग नाही. मोबाईल कॅम्पिंग सफारी असते, म्हणजे कंपनी तंबू, पलंग, स्वयंपाकी, गाईड सगळं घेऊन जंगलात ठरलेल्या जागी कॅम्प लावते, तो खर्च त्याच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्शावर येतो आणि पाच जणांचं कुटुंब असलं की गाडी, गाईड सगळं तुमचंच. कासानेला तर नॅशनल पार्कच्या आत राहायची गरजच नाही, गावात साधं स्वच्छ लॉज घ्यायचं आणि बोट आणि जीप सफारी वेगवेगळ्या घ्यायच्या. तिथे वाचलेले पैसे डेल्टात लाव. आणि एजंटकडून पॅकेज घेतलंस तर वर टीसीएस (पॅकेज विकतानाच एजंट सरकारसाठी घेतो तो कर) किती लागणार ते पहिल्याच दिवशी विचारून घे, नंतर तो आकडा बघून लोकांचे चेहरे उतरतात.

छोटं विमान. बारा-तेरा सीटचं किंवा त्याहूनही लहान, वजनाचं बंधन कडक, माणशी साधारण वीस किलो, हँडबॅग आणि कॅमेरा धरून, आणि बॅग मऊ कापडी, चाकं-दांडा नसलेली, कारण ती विमानाच्या पोटात कोंबून बसवतात. कडक ट्रॉली बॅग तिथेच ठेवून जायला सांगतात. विमान खाली उडतं, थोडं हलतं, सकाळचं घेतलंत तर कमी हलतं. मुलाला खिडकी द्या, पण बाबांनाही द्या! वरून जे दिसतं ना, गोल गोल बेटं, मध्ये झाडं, कडेने निळे-हिरवे पाट. त्यातली कितीतरी बेटं वाळवीने सुरू केलेली आहेत, आधी वारूळ, मग त्यावर पक्ष्यांनी टाकलेलं बी, मग झाड, मग बेट. आणि पाणघोडे रोज येऊन-जाऊन ज्या वाटा पाडतात त्यातून पाणी वाहायला लागतं, म्हणजे तिथले पाट काढणारे इंजिनिअर पाणघोडे. बाबांना सांग.

मोकोरो म्हणजे लांब अरुंद होडी, पूर्वी एका झाडाच्या बुंध्यातून कोरायचे, आता बहुतेक फायबरची असते म्हणजे झाडं वाचतात. मागे माणूस उभा राहून लांब काठीने ढकलत नेतो, इंजिन नाही, आवाज नाही, कमळाच्या पानांचा खसखस आवाज तेवढा. डोळ्यांच्या पातळीवर पाणी. बेडूक इवलासा, नखाएवढा, गवताच्या काडीवर. कमळपक्षी पानांवरून चालतो, बारका निळा खंड्या, वर मत्स्यगरुडाची हाक. तुम्ही नांदूर मधमेश्वरला थंडीत जात असाल तर कमळपक्षी आणि खंड्याची ओळख आहेच, दोन्ही ठिकाणं पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतली, पण इथे बगळ्याच्या पलीकडे गुडघाभर पाण्यात लेचवे हरणांचा कळप उड्या मारत जातो. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे सिंहापासून पळायचा रस्ता.

मोकोरोत माणूस जवळजवळ तळाला बसतो, पाय लांब करून. गुडघे दुखणाऱ्याला बसणं जमेल पण उठणं अवघड. काही ठिकाणी आत छोटी पाठवाली खुर्ची ठेवतात, तरी आईसाठी मोकोरोचा आग्रह धरू नकोस. चोबेला मोठी बोट असते, सपाट, छप्पर असलेली, रुंद, त्यात नेहमीसारख्या खुर्च्या, चढायला धक्का, ती हलत नाही म्हटलं तरी चालेल. आधी तिला ती काठावरून दाखव, मग तिचं तिला ठरवू दे. त्या बोटीतून हत्ती नदी ओलांडताना दिसतात, सोंड वर, पिल्लू मध्ये. जगात सगळ्यात जास्त हत्ती बोत्सवानात आहेत, १ लाख ३० हजारांच्या आसपास, आणि चोबेच्या काठावर ते आकडे राहत नाहीत, समोर येतात. मेअखेरीला सप्टेंबरएवढी गर्दी नसते पण आईला पुरतील एवढे नक्की असतात.

जीप उंच असते, चढायला दोन-तीन पायऱ्या, कॅम्पला आधी सांगितलं तर स्टूल ठेवतात. मधली सीट आईला, मागची अजिबात नको, फार आपटते. टॉयलेट विचारून घे, मोबाईल कॅम्पला तंबूच्या मागे खड्ड्यावर बसायची सीट असते, उकिडवं बसावं लागत नाही, पण रात्री बाहेर जावं लागतं का आणि ते तंबूला जोडलेलं आहे का हे महत्त्वाचं. जोडलेलंच घे. तिथे कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूपर्यंत पोचवायला माणूस येतो, त्याच्याशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, मुलाला हे घरूनच पक्कं सांग. रात्री तंबूच्या बाहेर चरचर आवाज आला तर तो पाणघोडा गवत खातोय, चेन लावून पडून राहायचं. पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी पाय सोडायचे नाहीत, मगरी आहेत. आणि तंबूत खाऊ ठेवायचा नाही, चिवडा-लाडूचा डबा जेवणाच्या तंबूत नेऊन द्यायचा, वासाने माकडं येतात आणि माकडंच येतील असं नाही.

शाकाहाराचं टेन्शन घेऊ नकोस, बुकिंग करतानाच लिही, अंडंही नको असेल तर तेही लिही, "व्हेज" म्हणजे मासे चालतात असं काहींना वाटतं. तिथल्या लोकांचं रोजचं खाणं म्हणजे बोगोबे, ज्वारीच्या पिठाचं, आणि ते आंबवून करतात ते टिंग, चवीला आपल्या आंबिलीच्या फार जवळचं. आईला मागून खाऊ दे, ती एक घास खाईल आणि तिथल्या स्वयंपाकीणबाईशी तिचं जमून जाईल. पालेभाजी मिळते, मोरोगो म्हणतात.

औषधपाण्याचं पटकन. उत्तर बोत्सवाना मलेरियाचा भाग आहे, मेअखेरीला धोका कमी होत आलेला असला तरी आहेच. महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा, आई-बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची यादी घेऊन, कारण मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या प्रत्येकाला वेगळ्या चालतात आणि मुलाला वजनावर देतात, त्या निघायच्या आधी सुरू करून परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या असतात. परत आल्यावर कोणाला ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेचं आधी सांगायचं. पूर्वी डेल्टात झोपेचा आजार पसरवणाऱ्या त्सेत्से माशीचा त्रास होता, २००१-२००२ मध्ये विमानातून फवारणी करून ती घालवली, त्यामुळे तेवढी काळजी नाही. इन्शुरन्समध्ये विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला हवा, डेल्टातून हॉस्पिटल म्हणजे आधी विमान. रोजच्या गोळ्या हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

दुर्बिणी दोन तरी न्या. पाच माणसांत एक दुर्बीण असली की प्रत्येकाच्या हातात येईपर्यंत पक्षी उडालेला असतो. गाईडला दिवसाला माणशी दहा डॉलरच्या आसपास टिप देतात, सुट्या नोटा ने. आणि कोणी भेटलं की आधी "दुमेला मा", पुरुष असेल तर "दुमेला रा" म्हणायचं, मग काम सांगायचं, तिथे नमस्काराशिवाय थेट बोलणं उद्धट समजतात. त्यांच्या पैशाचं नाव पुला, आणि पुला म्हणजे पाऊस. ज्या देशाला पावसाची एवढी किंमत आहे तिथे तुझ्या बाबांना परकं वाटणार नाही.

आईचं राहिलं. ती म्हणते मी येऊन करू काय. माझ्या सासूबाई दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर होत्या, त्यांचेही गुडघे तसेच. आम्ही सगळे पहाटे गाडीतून गेलो, त्या म्हणाल्या मी थांबते. कॅम्पला नदीकडे तोंड करून लाकडी ओटा होता, तिथे त्या शाल घेऊन बसल्या. आम्ही चार तास धूळ खात फिरून रानकुत्रे शोधत होतो, मिळाले नाहीत. परत आलो तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सात हत्ती येऊन पाणी पिऊन गेले, एक पिल्लू चिखलात बसलं होतं, आईने सोंडेने उठवलं." त्यांनी चहाही अर्धा तसाच ठेवला होता. पुढचे दोन दिवस सकाळच्या फेरीला आमच्यातला एक जण आळीपाळीने त्यांच्याबरोबर थांबायला लागला, आणि त्या थांबण्यासाठी आमच्यात भांडणं व्हायची.

तेव्हा कॅम्प निवडताना फोटोत पलंग-बाथटब बघू नकोस, ओटा बघ, पाणी समोर आहे का बघ, आणि आईसाठी दिवसा कोणीतरी कर्मचारी कॅम्पवर असतो ना ते विचार. दोन दुर्बिणींपैकी एक तिच्याकडेच राहू दे.